हौसाबाईंनी काढलेली हवा

गेल्या कार्तिकात माझी पत्नी मंदाकिनी कल्याणच्या पत्रीपुलाच्या पायथ्याशी माझ्या गाडीतून उतरली. तिने रिक्षाला हात केला आणि ती एकटी डोंबिवलीला घरी गेली. आम्ही दोघे तिच्या थोरल्या बहिणीकडे, खडवलीला, निघालो होतो.

घडले ते असे. पुलाच्या उतारावर आमच्यापुढे मातीच्या कुंड्यांनी भरलेला एक टेम्पो अचानक थांबला. मी सर्व बळ एकवटून ब्रेक दाबला. गाडी थांबली, मात्र थांबावे की नाही याचा तिने बराच विचार केला. अखेर टेम्पो आणि आमची गाडी यांच्यात किंचित अंतर उरले. ते नेमके किती, हे पाहण्यासाठी मी खाली उतरून बोटे लावली, आणि माझी खरी चूक तिथे झाली.

“चार बोटं,” मी खिडकीशी येऊन समाधानाने सांगितले.

“मोजताय काय?” मंदाकिनी म्हणाली आणि उतरली.

संध्याकाळी तिने निर्णय ऐकवला. “माघात ताईची पंचाहत्तरी आहे. तोवर ही गाडी थांबायला शिकली तर मी त्या रविवारी तुमच्या शेजारी बसेन. नाही शिकली तर मी ट्रेननं जाईन आणि सोमवारी गाडी भंगारात जाईल. सुश्रुतशी बोलून झालंय माझं.”

सुश्रुत आमचा मुलगा. तो कोलशेतला बाविसाव्या मजल्यावर राहतो आणि त्याची गाडी धोका दिसला की स्वतःच थांबते. त्याच्याकडे दाद मागण्यात अर्थ नव्हता.

आमची गाडी लहान, पांढरी आणि बावीस वर्षांची आहे. तिची कागदपत्रे माझ्या कागदपत्रांहून अधिक सुस्थितीत आहेत. तिच्यात मंदाकिनी चालकाच्या शेजारी बसे आणि प्रत्येक सिग्नलला आपला उजवा पाय समोरच्या पायपुसण्यावर दाबत असे. तिच्या पायाखाली ब्रेक नव्हता, तरी गाडी आपणच थांबवतो अशी तिची प्रामाणिक समजूत होती. पत्रीपुलानंतर माझीही तशीच समजूत होऊ लागली.

कोणताही सुज्ञ मनुष्य अशा प्रसंगी गाडी गॅरेजमध्ये देतो. मी मात्र सुशिक्षित आहे. एका मुद्रणालयात चौतीस वर्षे मुद्रितशोधन केले, शेवटची अकरा वर्षे मुख्य म्हणून. छापील पानावर निसटलेला अनुस्वार मला हातभर अंतरावरून दिसतो, तेव्हा ब्रेकमध्ये असे काय आहे की जे मला कळू नये, असे मला वाटले. मी शंभर पानी वही आणली, हौशी लोकांच्या चाळीसेक चित्रफिती पाहिल्या आणि टिपणे काढली. निष्कर्ष असा निघाला की गाडीच्या पुढच्या चाकांतील ब्रेकच्या पातळ चकत्या काढून याच कंपनीच्या थोरल्या गाडीच्या जाड, मधून वारा खेळणाऱ्या चकत्या बसवाव्यात, आणि त्यांना पकडणारे चिमटेही त्याच गाडीचे घ्यावेत. हे काम घरी, इमारतीखाली, स्वहस्ते करावे, असे मी ठरवले. वहीच्या पहिल्या पानावर ‘उद्दिष्ट’ असे लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या.

सुटे भाग कुठे मिळतील याची चौकशी करताना प्रत्येक जण एकच नाव सांगे. विठ्ठलवाडी स्टेशनपासून पाच मिनिटांवर, हौसाबाई.

पत्र्याच्या शेडमध्ये साठीच्या एक बाई खाली बसून ट्रकच्या ब्रेकच्या अर्धगोल लोखंडी पट्टीवर नवे लायनर, म्हणजे घर्षणाचे अस्तर, रिव्हेट मारून बसवत होत्या. पदर खोचलेला, पाय अनवाणी. हातोडीचे ठोके इतके सारखे पडत होते की मी घड्याळाकडे पाहिले. मी नमस्कार केला, वही उघडली आणि म्हणालो, “मला पुढच्या चाकांसाठी दोन वायुवीजित चकत्या आणि दोन चिमटे हवे आहेत.”

त्यांनी हातोडी थांबवली. “चिमटे? पापड भाजायचेत का?”

“म्हणजे ते... कॅलिपर.”

“मग कॅलिपर म्हना की. कंच्या गाडीला?”

मी सांगितले. त्यांनी मला पायांपासून डोक्यापर्यंत पाहिले. माझ्या सदऱ्याच्या खिशाला तीन पेने होती.

“बसवनार कोन?”

“मी.”

“आजवर काय बसवलंय?”

मी आठवून पाहिले. “घरचा नळ,” मी म्हणालो. तो नंतर प्लंबरने पुन्हा बसवला होता, पण तसे त्यांनी विचारले नव्हते.

“सायेब, माझं नाव हौसा, पर हौस म्हनून मी एक खिळा बी ठोकला न्हाई. तुमी हौसेनं ब्रेक बसवनार!” त्या हसल्या, पण उठल्या. मागच्या ढिगातून त्यांनी थोरल्या गाडीचा एक पूर्ण संच काढला; चाकेसुद्धा, कारण जाड चकत्या जुन्या लहान चाकांत मावल्या नसत्या. प्रत्येक भाग त्यांनी नखाने खरवडून पाहिला. एक चकती परत ढिगात टाकली आणि दुसरी काढली. मग खडूने एका कॅलिपरवर ‘डा’ आणि दुसऱ्यावर ‘उ’ लिहिले. “ह्यो डावा, ह्यो उजवा. अदलाबदल करू नका.”

त्या दिवशी आणि नंतरच्या दोन-तीन फेऱ्यांत मला त्यांची हकीकत कळली. त्या मूळच्या पारनेरकडच्या. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन विठ्ठलवाडीला आल्या. नवरा दगडू याच शेडमध्ये ट्रकची लायनर बसवी, आणि लोखंडी पट्टी मांडीवर घट्ट धरून बसण्याचे काम हौसाबाईंचे. बारा वर्षे त्यांनी पट्टी धरली. मग दगडूला कावीळ झाली आणि आठ दिवसांत सारे संपले. शेडपुढे एक ट्रक मागची चाके काढून ठोकळ्यांवर उभा होता. चौदाव्या दिवशी हौसाबाईंनी शेड उघडले, हातोडी घेतली आणि त्या ट्रकचे काम पुरे केले. ड्रायव्हर आला. म्हणाला, “बाई, ह्या ब्रेकवर मी माळशेज उतरू?”

“मी काय बोलनार?” हौसाबाई मला सांगत होत्या. “चपला काढल्या, केबिनमधी चढले, त्याच्या शेजारी बसले. म्हनलं, चल. वर गेलो, परत उतरलो. मुरबाडपत्तुर त्यो गडी एक शब्द बोलला न्हाई.”

तेव्हापासून त्यांचा नियम झाला. ज्याचा ब्रेक त्यांनी केला, त्या गाडीत पहिल्या फेरीला त्या स्वतः चालकाच्या शेजारी बसतात. ट्रक असो, शाळेची बस असो. या नियमावर त्यांनी मुलगी रसिका हिला शिकवून नर्स केले. आणखी एक सवय त्यांना होती. ब्रेकचे पेडल दाबून पाहताना त्या चप्पल काढून ठेवीत. मला तो भक्तिभाव वाटला आणि मी तसे आदराने बोलून दाखवले.

“भक्ती कसली? चपलेतून काय कळतंय? ब्रेक पायाला समजतो.”

मी ते वहीत टिपून घेतले आणि विसरलो.

घरी आल्यावर मी सर्व भाग रॉकेलने धुऊन पुसले. खडूची ती ओबडधोबड अक्षरेही पुसली, कारण त्यांच्याविषयी माझा एक मूलभूत आक्षेप होता. डावे-उजवे हे पाहणाऱ्यावर अवलंबून असते. गाडीत बसलेल्याचे डावे ते समोर उभ्या असलेल्याचे उजवे. दिशा मात्र कोणासाठी बदलत नाहीत. आमची गाडी इमारतीखाली सदैव पूर्वेकडे तोंड करून उभी असते. म्हणजे तिची डावी बाजू उत्तर आणि उजवी बाजू दक्षिण. मी पांढऱ्या चिकटपट्टीचे दोन समान तुकडे कापले. डाव्या कॅलिपरवर ‘उत्तर’ या अर्थी ‘उ’ लिहिले, उजव्यावर ‘दक्षिण’ या अर्थी ‘द’, आणि दोन्ही अक्षरांभोवती वर्तुळे काढली. माझी पत्नी पाहत होती.

“त्या बाईंनी लिहिलं होतं ना?”

“ते शास्त्रशुद्ध नव्हते,” मी म्हणालो.

त्यानंतर चाकांना रंग देण्यात मी तीन आठवडे घालवले. रंगाचा ब्रेकशी काही संबंध नाही. परंतु वहीत ‘रंगकाम’ हे कलम आधी आले होते, आणि कलमांचा क्रम बदलणे माझ्या स्वभावात नाही.

पंचाहत्तरीला नऊ दिवस उरले असताना मी गाडी जॅकवर चढवून ठोकळ्यांवर उभी केली, जुने भाग काढले आणि नवे उचलले. तीन आठवड्यांत दिशांचा सिद्धान्त माझ्या डोक्यातून साफ निघून गेला होता. पट्टीवर ‘उ’ होता. तो मी अर्थातच ‘उजवा’ असा वाचला. दुसऱ्या पट्टीवरच्या ‘द’ची शेपटी ग्रीसने माखली होती आणि वरून जे उरले होते ते हुबेहूब ‘ड’ दिसत होते. तो मी ‘डावा’ असा वाचला. चौतीस वर्षांच्या सवयीने ती दोन अक्षरे मी तीनदा तपासली आणि तिन्ही वेळा बिनचूक ठरवली.

बोल्ट सुरळीत बसले. इतके सुरळीत, की मी थोडा निराश झालो. मग शेवटचे काम उरले, ज्याला मेकॅनिक लोक ‘हवा काढणे’ म्हणतात. ब्रेक तेलाच्या दाबावर चालतो. नळीत हवेचा बुडबुडा राहिला, तर दाब त्या बुडबुड्यालाच चेपण्यात जातो आणि चाक फिरतच राहते. म्हणून एकाने पेडल दाबून धरायचे, दुसऱ्याने कॅलिपरवरचे छोटे निपल सैल करून तेलाबरोबर हवा बाहेर काढायची. या कामाला दोन माणसे लागतात. घरात दुसरे माणूस एकच होते.

“मी गाडीत बसणार नाही,” मंदाकिनी म्हणाली. “माघातल्या रविवारपर्यंत नाही, म्हणजे नाही.”

“अगं, गाडी उभी आहे. तिला चाकेसुद्धा नाहीत!”

“बसणं ते बसणं.”

बराच वेळ वाटाघाटी झाल्या. शेवटी तिने तोडगा काढला. उंच दांड्यांवर कपडे वाळत घालायची वेळूची काठी तिने वरून आणली, चालकाचे दार उघडले आणि स्वतः बाहेर उभी राहून काठीचे टोक पेडलवर टेकवले.

“दाब,” मी चाकाच्या खोबणीतून ओरडलो.

“दाबलं.”

“धर. ... सोड.”

“अहो, धरू का सोडू?”

“आधी धर, मग सोड!”

एवढ्यात दुसऱ्या मजल्यावरचे कमलेश दुधाची पिशवी घेऊन येत होते. ते थांबले. “काकू, काय शोधताय? उंदीर शिरला का?”

“उंदीर नाही,” मंदाकिनी म्हणाली. “तुमचे काका आहेत खाली.”

आम्ही अकरा आवर्तने केली. तेलाचे दोन डबे संपले. शेवटी स्वच्छ तेल येऊ लागले, बुडबुडे थांबले, आणि मी समाधानाने चालकाच्या जागी बसून पेडल दाबले. ते भिजलेल्या पावासारखे खाली खाली गेले. पुन्हा दाबले, पुन्हा तसेच. दुसऱ्या दिवशी आणखी सात आवर्तने झाली. तिसऱ्या दिवशी मंदाकिनीने काठी परत गॅलरीत नेली. तिचे कपडे वाळायचे राहिले होते, आणि माझ्या लक्षात आले की तिने खडवलीला जाणाऱ्या गाड्यांचे वेळापत्रक फ्रीजवर चिकटवले आहे.

तरीही मला हार मानवेना. मी टेबलाशी बसून एक पत्र लिहिले. ‘मा. हौसाबाई यांस, आपण दिलेल्या चिमट्यांच्या सदोषतेविषयी.’ मुद्दे सात, पोटमुद्दे अकरा. विरामचिन्हे निर्दोष होती. शुक्रवारी ते घेऊन मी विठ्ठलवाडीला गेलो.

हौसाबाईंनी हात पुसले, पत्र उजेडाकडे धरले आणि ओठ हलवत शेवटपर्यंत वाचले. मी उभाच होतो.

“अक्षर लई झाक हाय,” त्या म्हणाल्या. “आता एक सांगा. हवा काढायचं निपल वर आलंय का खाली?”

“खाली. तिथे हात सहज पोचतो.”

“आनि सायेब, हवा वर जाती का खाली?”

मला एकाएकी आमची इमारत, पूर्व दिशा, पांढरी चिकटपट्टी आणि ग्रीसने माखलेली ती शेपटी, सारे एकदम दिसले. कॅलिपर उलट बाजूंना बसले होते. त्यामुळे हवा बाहेर पडायचे भोक तळाशी गेले होते, आणि हवा वरच्या कोपऱ्यात आरामात बसून माझी अठरा आवर्तने पाहत होती.

“मी खडूनं लिवलं होतं ना?” हौसाबाई म्हणाल्या.

“पुसले,” मी म्हणालो. “मग ‘उ’ म्हणजे उत्तर, असे लिहिले.”

“उत्तर,” त्या म्हणाल्या. “उत्तर तर आता तुमाला घरी द्यायचंय.”

मी हात जोडले आणि रविवारची अट सांगितली. सोमवारचीही सांगितली. तोवर मी कोणाजवळ ते बोललो नव्हतो. ते ऐकून त्यांनी थट्टा थांबवली.

“उद्या येते,” त्या म्हणाल्या. “पर काम तुमीच करायचं. मी नुसतं बघनार.”

शनिवारी सकाळी त्या डोंबिवलीला आल्या. पिशवीत तेलाचा डबा आणि तांब्याचे चार नवे वायसर. मी दोन्ही कॅलिपर काढून त्यांची अदलाबदल केली. माझ्या चिकटपट्ट्या त्यांनी सोलून काढल्या, गोळी करून माझ्या खिशात टाकल्या, तीन पेनांच्या शेजारी. मग त्यांनी दाराशी चपला काढल्या आणि चालकाच्या जागी बसून अनवाणी पाय पेडलवर ठेवला. मंदाकिनी जिन्याच्या पायरीवर उभी राहून पाहत होती.

“हितून सांगते तसं खोला. ... हं. बंद. ... खोला.”

निपलमधून तेलाबरोबर असा लांबलचक फस्स आवाज आला, की कमलेश गॅलरीत आले.

“गेली,” हौसाबाई म्हणाल्या. “लई होती.”

“अजून थोडी राहिली असेल,” पायरीवरून मंदाकिनी म्हणाली. त्या दोघी हसल्या. मी चाकाच्या खोबणीत होतो, तिथून हसणे शक्य नव्हते.

दहा मिनिटांत काम झाले. चाके बसली. हौसाबाईंनी मला चालकाच्या जागी बसवले. “बूट काढा,” त्या म्हणाल्या. मी बूट काढून पेडल दाबले. थोडेसे खाली जाऊन ते दगडासारखे थांबले. वहीत महिनाभरापूर्वी टिपलेले वाक्य मला तेव्हा कळले.

“चला. पत्रीपूल,” म्हणत त्या माझ्या शेजारी बसल्या.

वाटेत सिग्नलला, गतिरोधकाला, गल्लीच्या तोंडाशी त्यांनी मला पुन्हा पुन्हा थांबायला लावले. पुलावर फारशी रहदारी नव्हती. उतारावर मध्यावर आलो आणि मागे कोणी नाही असे आरशात पाहून त्या एकदम ओरडल्या, “दाबा!”

मी दाबले. गाडी जागच्या जागी थांबली. मागच्या आसनावरची त्यांची पिशवी घरंगळून खाली पडली आणि माझा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला.

“थांबली,” हौसाबाई म्हणाल्या, आणि पदर सारखा केला.

घरी परतलो तेव्हा मंदाकिनी फाटकाशी होती. तिने मला काही विचारले नाही. तिने हौसाबाईंना विचारले, “थांबते का हो?”

“थांबती. सायबांपरीस लवकर ऐकती.” मग त्या जरा गंभीर झाल्या. “काकू, मी बसून आले. आता तुमी बगा.”

“चहा घ्याल ना?” मंदाकिनी म्हणाली. बसण्याविषयी ती बोलली नाही.

रविवारी सकाळी मी साडेसातला गाडी पुसून तयार उभा होतो. फ्रीजवरचे वेळापत्रक तसेच होते. मी मुद्दाम पाहून आलो होतो. पावणेआठला मंदाकिनी खाली आली. अंगावर जांभळी पैठणी, हातात बेसनाच्या लाडवांचा डबा. तिने मागचे दार उघडले. मागे बसणे हे बसण्यात मोडते की नाही, याचा मी विचार करू लागलो. तिने डबा मागच्या आसनावर ठेवला, दार लावले, पुढचे दार उघडले आणि ती बसली.

“बघताय काय? चला.”

कल्याणपर्यंत तिचा उजवा पाय आपले काम करीत होता. प्रत्येक सिग्नलला पायपुसणे दाबले जात होते. पत्रीपुलाच्या उतारावर ती म्हणाली, “हळू.” मी मुळातच वीसच्या वेगाने होतो. समोरची रिक्षा कचकन थांबली. मी पाय टेकवला, आणि आम्ही थांबलो. मध्ये एक म्हैस आडवी उभी राहील एवढी जागा उरली होती.

आम्ही दोघेही ती जागा पाहत राहिलो.

“उतरून मोजायचं नाही का?” मंदाकिनीने विचारले.

“अंदाजे सात फूट...”

“अहो, चला. मागे हॉर्न वाजतायत.”

टिटवाळा मागे पडला. मी शेजारी पाहिले. मंदाकिनीने चपला काढल्या होत्या आणि पट्टा लावलेल्या अवस्थेतच आसनावर पाय वर घेऊन चक्क मांडी घातली होती. पायपुसणे मोकळे होते. त्यावर तिच्या चपला होत्या. उजवी डावीकडे आणि डावी उजवीकडे. माझी जीभ वळवळली. पण मी समोर रस्त्याकडे पाहिले आणि खडवली येईपर्यंत काही बोललो नाही.